नवा हुप्प्या पिल्लं मारतो: फलकावर 'टोळीच्या भल्यासाठी' लिहायचं का?

चौकस

एका डोंगरवाटेवर वानरांची माहिती देणारे फलक लागणार आहेत (हुप्प्या म्हणजे टोळीचा प्रमुख नर). त्यातल्या एकाचा कच्चा मसुदा असा आहे:

"टोळीत नवा हुप्प्या आला की तो आधीच्या हुप्प्याची पिल्लं मारतो. हे क्रूर वाटलं तरी निसर्गाचा न्याय असाच असतो. दुबळी पिल्लं गाळली जातात, टोळीची संख्या आटोक्यात राहते आणि पिढ्यानपिढ्या प्रजाती सुधारत जाते."

यावरून दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, 'क्रूर' आणि 'न्याय' हे दोन्ही शब्द माणसांचे, वानराला लावूच नयेत. दुसरी बाजू म्हणते, उत्क्रांती म्हणजे प्रगतीच, मग 'सुधारत जाते' यात चुकलं काय? शिवाय दशावतारांचा दाखला आहेच: मासा, कासव, वराह, मग माणूस.

तर प्रश्न दोन. मसुद्यातलं शास्त्र कितपत खरं आहे? आणि नीती, प्रगती या कल्पना प्राण्यांना आणि उत्क्रांतीला लागू होतात का? मोघम नको, आधार सांगा.

---

पानगळ

पहिलं वाक्य जवळपास बरोबर. पुढची दोन्ही काढा.

आधी नोंदी. १९६२ साली धारवाडजवळ युकिमारू सुगियामा यांनी नुसत्या नरांच्या टोळक्याने एका टोळीवर हल्ला करून जुन्या हुप्प्याला हुसकावल्याचं आणि त्यानंतर पिल्लं मारली गेल्याचं नोंदवलं. पुढे जोधपूरला एस. एम. मोहनोत आणि अबूला सारा हर्डी यांनी तसंच नोंदवलं. त्या काळी बऱ्याच अभ्यासकांना हे वागणं विकृत वाटलं. गर्दी झाली, माणसांनी खाऊ घातलं, म्हणून वानरांचं डोकं फिरलं, असं फिलिस डोलहिनो यांच्यासारख्यांचं म्हणणं होतं. हर्डींचं म्हणणं उलट: यात त्या नराचा प्रजननाचा फायदा आहे.

तो फायदा हिशोबाने दिसतो. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा कळते. अबू-जोधपूरकडे हुप्प्याची सत्ता सरासरी सव्वादोन वर्षं, म्हणजे २७ महिन्यांच्या आसपास टिकते. वानरीची गर्भावस्था साधारण २०० दिवसांची. अंगावर पिणारं पिल्लू असेपर्यंत वानरी सहसा माजावर येत नाही आणि दूध तुटायला वर्षभर लागतं.

नवा नर आला तेव्हा वानरीचं पिल्लू दोन महिन्यांचं आहे असं धरा. तो थांबला तर दहा महिने त्यातच गेले. मग गर्भावस्थेचे सात. त्याचं पहिलं पिल्लू सतराव्या महिन्याला जन्मेल आणि सत्ता संपताना जेमतेम दहा महिन्यांचं, अजून दुधावर असेल. पुढचा हुप्प्या त्यालाच मारण्याचा धोका. पिल्लू मेलं तर मात्र वानरी काही दिवसांत किंवा आठवड्यांत माजावर येते. मग नव्या नराचं पिल्लू आठव्या-नवव्या महिन्यात जन्मतं आणि बापाची सत्ता जाण्याआधी दूध सुटून मोठं होतं. यातलं काही वानराला कळायला लागत नाही. ज्या नरांचा कल असं वागण्याकडे होता त्यांची पिल्लं अधिक उरली, एवढं पुरतं.

आता मसुद्यातले दावे तपासू.

'दुबळी पिल्लं गाळली जातात': नाही. कोण मरतं हे पिल्लाचं वय आणि बाप कोण यावर ठरतं, तब्येतीवर नाही. ठणठणीत पिल्लू दुधावर असेल तर धोक्यात, अशक्त पिल्लाचं दूध सुटलं असेल तर तुलनेने सुरक्षित.

'संख्या आटोक्यात': तोच हेतू असता तर माद्या पिल्लं जास्त मरायला हवी होती, कारण पुढची संख्या माद्यांवर ठरते. तसा कल दिसत नाही. शिवाय नराने स्वतःची पिल्लंही मारायला हवीत. नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांवर कारोला बोरीस आणि सहकाऱ्यांनी विष्ठेतल्या डीएनएवरून पितृत्व तपासलं (१९९९). हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. ही टोळी रानातली होती, कोणी खाऊ घालत नव्हतं आणि एका टोळीत अनेक नर होते. गर्दीने डोकं फिरल्याचा मुद्दा तिथे टिकत नाही.

आणि शीर्षकातलं 'टोळीच्या भल्यासाठी' तर मुळीच नाही. आई पिल्लू वाचवायला झुंजते, तिच्या बाजूने इतर वानरी, कधी म्हाताऱ्याही, नराच्या अंगावर जातात. काही गाभण वानरी नव्या नराशी समागम करतात. त्याला पितृत्वाचा भ्रम व्हावा म्हणून, असं हर्डींनी सुचवलं. टोळीचं भलं एकच असतं तर ही झुंज कशाला?

आक्षेपही सांगायला हवेत. १९९३ च्या एका आढाव्यात दाखवलं गेलं की डोळ्यांसमोर घडलेली प्रकरणं थोडी आणि तीही मोजक्या ठिकाणची आहेत. बऱ्याच नोंदी 'हुप्प्या बदलला, पिल्लू दिसेनासं झालं' अशा असतात. म्हणून वहीत तीन रकाने वेगळे ठेवायचे: मारताना पाहिलं; जखमा पाहिल्या आणि मग मेलं; नुसतं गायब. तिन्हींची बेरीज करून 'इतकी पिल्लं मारली' असं लिहिणं ही या विषयातली सगळ्यात नेहमीची चूक.

---

तर्कटी

पानगळ यांनी शास्त्र नीट मांडलंय, मी फक्त 'न्याय' आणि 'क्रूर' याबद्दल लिहितो. त्या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत.

एक, हुप्प्या दोषी आहे का? दोष द्यायचा तर कर्त्याला 'हे करू नये' हे कळायला हवं आणि कळून वेगळं वागता यायला हवं. वानराबद्दल याचा पुरावा नाही. त्याला खुनी म्हणणं म्हणजे पुराला दरोडेखोर म्हणण्यासारखं.

दोन, पिल्लाला होतं ते वाईट आहे का? इथे उत्तर बदलतं. नीतीचा कर्ता असणं वेगळं, नीतीच्या विचारात घेतलं जाणं वेगळं. तान्हं मूल कर्ता नसतं, तरी त्याच्या वेदनेची किंमत असते. पिल्लाला वेदना होतात, आईला ताण येतो. 'नीती प्राण्यांना लागूच नाही' म्हणणारे बहुतेकदा पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतात आणि मग प्राण्याचे हाल हा विषयच उरत नाही. हुप्प्यावर खटला चालत नाही, पण वानराला दगड मारणाऱ्यावर चालला पाहिजे. यात विसंगती काही नाही.

तीन, जे घडतं ते योग्यच असतं का? मसुद्यातला 'निसर्गाचा न्याय' इथे घसरतो. 'असं आहे' यातून 'असं असावं' निघत नाही. तत्त्वज्ञ ह्यूमने अठराव्या शतकातच यावर बोट ठेवलं होतं. डार्विनलाही हे टोचत होतं. १८६० मध्ये त्याने वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलं की जिवंत अळीच्या शरीरात वाढून तिला आतून खाणारी गांधीलमाशी एखाद्या दयाळू, सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम घडवली असेल हे त्याला पटत नाही. टी. एच. हक्सलीने १८९३ च्या व्याख्यानात तर म्हटलं की समाजाची नैतिक प्रगती सृष्टीच्या या प्रक्रियेची नक्कल करण्यात नाही, तिच्याशी झुंजण्यात आहे. हे म्हणणारा माणूस डार्विनचा सगळ्यात खंदा पाठीराखा होता, हे उत्क्रांतीच्या नावाने कठोरपणा शिकवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

फलकावर 'न्याय' राहिला तर वाचणारा तोच तर्क माणसांवर लावेल. लावला गेलाही आहे.

---

चौकस

हे पटलं. पण कर्ता नाही, हे सगळ्याच प्राण्यांबद्दल इतक्या ठामपणे म्हणता येतं का? माकडांना अन्याय कळतो असे प्रयोग आहेत ना?

---

पिंजऱ्याबाहेर

आहेत, आणि तर्कटींनी रेघ जरा जास्तच जाड ओढली आहे.

१९६४ मध्ये मॅसरमन आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांना साखळी ओढली की खाणं मिळेल असं शिकवलं. मग एक साखळी ओढली की समोरच्या माकडाला विजेचा झटका बसेल अशी जोडणी केली. बऱ्याच माकडांनी ती ओढणं टाळलं. एकाने पाच दिवस आणि एकाने बारा दिवस कुठलीच साखळी ओढली नाही, उपाशी राहिलं. आधी स्वतः झटका खाल्लेली आणि समोरच्याशी ओळख असलेली माकडं जास्त टाळत होती. (या प्रयोगात नीती कुठल्या बाजूला होती हा प्रश्न वाचणाऱ्याला पडतोच.)

२००३ चा ब्रॉस्नन आणि द वाल यांचा प्रयोग सगळ्यांना व्हिडिओतून माहीत आहे. कॅपुचिन माकडाने खडा परत दिला की काकडी मिळते. शेजारणीला त्याच कामाचं द्राक्ष मिळालं की पहिली काकडी नाकारते. पण 'अन्याय कळला' इथवर उडी मारण्याआधी नियंत्रण-चाचण्या बघाव्या लागतात. द्राक्ष समोर दिसतंय पण शेजारी कोणीच नाही, तेव्हाही माकड काकडी नाकारतं का? नाकारत असेल तर ती चांगलं खाणं दिसूनही न मिळाल्याची चिडचिड असू शकते, तुलना नव्हे. त्याच माकडाला आधीच्या फेरीत द्राक्ष मिळालेलं होतं का? असेल तर अपेक्षाभंग. मूळ प्रयोगात शेजारीण नसलेली चाचणी होती, नकार शेजारीण असताना वाढला. नंतरच्या काही प्रयोगांत मात्र हा फरक सापडला नाही. तेव्हा आज प्रामाणिक उत्तर एवढंच: तुलनेची जाण असण्याची शक्यता आहे, निकाल लागलेला नाही.

रक्त पिणाऱ्या वटवाघळांचं उदाहरण जास्त भक्कम आहे. दोन-तीन रात्री उपाशी राहिलं तर ते मरतं. पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला प्यालेलं रक्त ओकून पाजतं. विल्किन्सन यांनी १९८४ मध्ये कोस्टा रिकातल्या नोंदींवरून हे दाखवलं. नातं महत्त्वाचं असतंच, पण पूर्वी आपल्याला कोणी पाजलं होतं यालाही वजन असतं, हे पुढच्या प्रयोगांत दिसलं.

माझं मत: सहानुभूती, परतफेड, समोरच्याच्या त्रासाची टोचणी हे नीतीचे कच्चे धागे आहेत आणि ते माणसापाशी एकाएकी उगवलेले नाहीत. पण धागे असणं म्हणजे नियम असणं नव्हे. ज्यात आपला संबंध नाही अशा प्रसंगातही 'हे चूक' असं ठरवणं, त्याची कारणं मागणं, हे वानरात दिसलेलं नाही. म्हणून हुप्प्याबद्दल तर्कटींशी सहमत. 'कुठल्याच प्राण्याला' याबद्दल नाही.

---

चंबूवाला

प्रगतीबद्दल बोलायचं तर ज्या एका प्रयोगात ती हजारो पिढ्या मोजली गेली तिथून सुरुवात करू.

रिचर्ड लेन्स्की यांनी २४ फेब्रुवारी १९८८ रोजी ई. कोलाय जिवाणूंच्या १२ वंशावळी सुरू केल्या. कृती अगदी साधी. चंबूत १० मिलि माध्यम (जिवाणू वाढवायचं द्रावण), त्यात लिटरला २५ मिलिग्रॅम ग्लुकोज, ३७ अंश सेल्सिअस, मिनिटाला १२० फेऱ्यांनी हलवत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ०.१ मिलि घेऊन ९.९ मिलि ताज्या माध्यमात टाकायचं. शंभरपट विरळ केलेलं पुन्हा शंभरपट वाढतं, म्हणजे दिवसाला ६.६४ दुपटी, तितक्याच पिढ्या. दर ५०० पिढ्यांनी, म्हणजे ७५ दिवसांनी, नमुना गोठवायचा. गोठवलेले पूर्वज पुन्हा जिवंत होतात, आणि सगळी ताकद त्यात आहे: वंशजाला त्याच्या स्वतःच्या पूर्वजाशी झुंजवता येतं.

झुंज मोजायची अशी. पूर्वज आणि वंशज वेगळे ओळखू यावेत म्हणून एका बाजूला अरॅबिनोज साखर न वापरणारा वाण घ्यायचा, दुसऱ्या बाजूला वापरणारा. दोन्ही आधी त्याच माध्यमात एक दिवस वाढवायचे, नाहीतर फ्रीजरमधून आल्याचा परिणामच मोजला जातो. मग समसमान मिसळून २४ तास ठेवायचे, आणि सुरुवातीला व शेवटी सूचक बशीवर पसरायचे. न वापरणाऱ्याच्या वसाहती लाल, वापरणाऱ्याच्या पांढऱ्या. दोघांच्या वाढीच्या दरांचं गुणोत्तर म्हणजे सापेक्ष योग्यता. गडबड दोन ठिकाणी होते. रंगाची खूणच वाढीवर परिणाम करत नाही ना, हे वेगळं तपासावं लागतं. आणि वंशज फारच पुढे गेला की पूर्वजाच्या वसाहती बशीवर इतक्या कमी उरतात की गुणोत्तर बेभरवशाचं होतं.

निकाल: बाराही वंशावळींची योग्यता वाढली, आणि ५०,००० पिढ्यांनंतरही वाढ मंदावली पण थांबली नाही. एका वंशावळीत ३१,००० पिढ्यांनंतर हवेच्या उपस्थितीत सायट्रेट खाण्याची क्षमता आली. सायट्रेट माध्यमात पहिल्यापासून होतं, ई. कोलायला ते तसं वापरता येत नाही.

मग ही प्रगतीच की! थांबा. त्याच बाराही वंशावळींनी पहिल्या २,००० पिढ्यांतच रायबोज साखर वापरण्याची क्षमता गमावली. त्या जनुकांचा तुकडा गळून पडतो, आणि गळण्याने ग्लुकोजच्या चंबूत सुमारे दीड टक्क्याचा फायदा होतो. हाच 'सुधारलेला' वाण फक्त रायबोज असलेल्या चंबूत टाका, पूर्वज जिंकेल. म्हणजे 'पुढे गेला' हे वाक्य चंबू सांगितल्याशिवाय अपुरं आहे. 'प्रजाती सुधारत जाते' लिहिणाऱ्याने कुठल्या परिस्थितीत आणि कशाच्या तुलनेत हे लिहून दाखवावं. हुप्प्याच्या बाबतीत तर तेही जमणार नाही, कारण एका नराचा फायदा हा दुसऱ्या नराचा आणि वानरीचा थेट तोटा आहे.

---

शिंपला

चंबू छोटा झाला, आता साडेतीन अब्ज वर्षांकडे बघू. जिवाणूपासून हत्तीपर्यंत गुंतागुंत वाढली हे खरं, पण त्यातून दिशा सिद्ध होत नाही. जीव सुरू झाला तो जवळपास शक्य तितक्या साध्या रूपात. त्याच्या खाली जागाच नव्हती. दोन्हीकडे सारखे फाटे फुटत राहिले तरी एका बाजूला भिंत असेल तर सगळ्यात गुंतागुंतीचा जीव कालांतराने आणखी गुंतागुंतीचा होणारच. बहुसंख्य जीव अजून भिंतीपाशीच आहेत, जिवाणूच आहेत.

हा नुसता फैलाव की खरोखरचा रेटा, हे ओळखायला डॅनियल मॅकशे यांनी १९९४ मध्ये तीन कसोट्या मांडल्या. किमान पातळी वर सरकते का? रेटा असेल तर सगळ्यात साधेही वर जायला हवेत. भिंतीपासून लांब असलेला एखादा उपगट घेतला तर त्यातही तोच कल दिसतो का? आणि पूर्वज-वंशजांच्या जोड्या घेतल्या तर वाढीच्या जोड्या घटीच्या जोड्यांपेक्षा जास्त निघतात का? त्यांनी पाठीच्या कण्यातल्या मणक्यांमधल्या फरकावर मोजणी केली तेव्हा रेटा सापडला नाही. उलट अमोनाइट या लुप्त समुद्री जीवांच्या शंखांवरच्या शिवणरेषांवर १९९९ मध्ये झालेल्या मोजणीत गुंतागुंतीकडे कल सापडला. म्हणजे उत्तर गटागणिक, अवयवागणिक वेगळं येतं. 'उत्क्रांतीला दिशा नाही' हे घोषवाक्यही तितकंच घाईचं.

साधं होत जाण्याचं उदाहरण हवं तर सॅक्युलिना बघा. हा बार्नेकलचा, म्हणजे खडकांना चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवाचा, नातलग. अळी अगदी कवचधारींसारखी, पाय असलेली, पोहणारी. प्रौढ मादी म्हणजे खेकड्याच्या पोटाखालची पिशवी आणि खेकड्याच्या अंगभर पसरलेली मुळं. पाय नाहीत, तोंड नाही, आतडं नाही. नर खेकड्याचंही पोट मादीसारखं रुंद होतं आणि तो ती पिशवी स्वतःची अंडी असल्यासारखी सांभाळतो. रे लँकेस्टर यांनी १८८० मध्ये याला 'अधःपतन' म्हटलं आणि समाजालाही तोच इशारा देऊन टाकला. खेकड्याला नाचवणारा जीव पतित कसा, हे त्यांनाच ठाऊक.

दशावताराबद्दल थोडक्यात. ती शिडी आहे, वंशवृक्ष शिडी नसतो. कासवाची आणि वराहाची वाट तीस कोटी वर्षांहून आधी वेगळी झाली. कासव वराहाचा पूर्वज नाही. आजचा मासाही आपल्याइतकाच काळ उत्क्रांत होत आलाय. कथेचं मोल तिच्या जागी आहे, तिला जीवशास्त्राचं प्रमाणपत्र कशाला हवं?

आणि 'उत्क्रांती म्हणजे प्रगती' हे आपल्याकडे डार्विनपेक्षा इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरकडून आलं. आगरकरांच्या पिढीने स्पेन्सर आणि मिल मन लावून वाचले होते, आणि समाजसुधारणेसाठी स्पेन्सरचा चढता आलेख सोयीचा होता. सुधारणा हवीच होती, पण तिला जीवसृष्टीच्या आधाराची गरज नव्हती.

---

चौकस

फलकावर जागा फार तर ८० शब्दांची. 'क्रूर' ठेवायचा का?

---

तर्कटी

काढा. 'न्याय'ही काढा. पण पिल्लाला त्रास होतो हे पुसू नका, आईची झुंज लिहिली की ते आपोआप येतं.

---

पानगळ

हे बघा:

"वानरांच्या टोळीत नवा हुप्प्या आला की तो कधीकधी अंगावर पिणारी पिल्लं मारतो. ही पिल्लं सहसा त्याची नसतात. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते आणि नव्या हुप्प्याची स्वतःची पिल्लं होण्याची शक्यता वाढते. यात टोळीचा फायदा नाही. आई आणि इतर वानरी पिल्लाला वाचवायला झुंजतात, काही वेळा वाचवतातही. अशी झटापट दिसली तर मध्ये पडू नका, खाऊ टाकू नका. तारीख, ठिकाण आणि नेमकं काय पाहिलं ते वनरक्षकांना कळवा."

'कधीकधी' हा शब्द जागा वाचवायला काढू नका. प्रत्येक सत्ताबदलात पिल्लं मरत नाहीत.

आणखी एक, चित्रकाराला सांगा. नवजात पिल्लू आईसारखं करडं नसतं, काळपट-तपकिरी असतं. करडा रंग काही महिन्यांनी येतो. हल्ल्याच्या चित्रात पिल्लू नवजात असेल तर गडदच हवं.